डिजिटल धोरण आणि शेवटचा पाडा

राज्यकारभारात किंवा व्यापारात एखादे नवे साधन आले की लोकांत दोन तट पडतात. काहींस ते सर्व रोगांवरील रामबाण औषध वाटते, तर काहींस त्यात जुन्या व्यवस्थेचा सर्वनाश दिसतो. आगगाडीच्या वेळी असे झाले, तारायंत्राच्या वेळी झाले, आणि इंटरनेटच्या वेळीही याहून काही निराळे घडले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतातील सामान्य नागरिकांस इंटरनेटचे दार उघडून दिले. त्यास तीन दशके लोटली. आज सरकारचे प्रत्येक खाते आणि बाजारातील प्रत्येक मोठी पेढी ‘डिजिटल धोरणा’ची भाषा बोलते. परंतु धोरण म्हणजे नेमके काय, याचा विचार त्या मानाने थोडाच होतो. शंभर संगणक विकत घेतले किंवा मोबाईलवर चालणारे एखादे ॲप काढले, की धोरण झाले अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वास्तविक कोणते काम, कोणासाठी, कोणत्या वाटेने सोपे करावयाचे, आणि ती वाट बंद पडल्यास दुसरी कोणती मोकळी ठेवावयाची, हे आधी ठरविणे याचेच नाव धोरण होय.

मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसून हा विचार केला तर तो फार सोपा वाटतो. तो कसास लावून पाहावयाचा असेल तर नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, गुजरातच्या सीमेवर वसलेल्या सुरगाणा तालुक्याकडे दृष्टी वळवावी. पूर्वीचे हे लहानसे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. सह्याद्रीतील हा डोंगराळ मुलूख. वस्ती मुख्यत्वे कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख. गावे एका ठिकाणी दाटीने वसलेली नसून पाड्यापाड्यांनी डोंगरउतारावर विखुरलेली आहेत. पाऊस मुबलक पडतो. परंतु नार आणि पार यांसारख्या नद्या ते पाणी घेऊन पश्चिमेकडे गुजरातेत उतरतात, आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरांतील बायकांस हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. एखादी वस्तू मुबलक असूनही ती हाती न लागणे म्हणजे काय, हे या तालुक्यास पाण्याने केव्हाच शिकविले आहे. इंटरनेटचा प्रश्नही याच जातीचा आहे. आकाशात लहरी पुष्कळ आहेत. प्रश्न इतकाच की, त्या कोणाच्या हंड्यात पडतात?

हे समजून घेण्यासाठी रास्त भावाच्या दुकानातील एका साध्या व्यवहाराचे उदाहरण घेऊ या. शिधापत्रिका दाखवून धान्य घेण्याची जुनी रीत मागे पडून आता दुकानात एक लहानसे यंत्र असते. ग्राहकाने त्यावर अंगठा ठेवावयाचा. यंत्राने त्या ठशाचे चित्र संदेशरूपाने दूरच्या केंद्राकडे धाडावयाचे. केंद्राने तो ठसा आपल्या नोंदीशी ताडून पाहावयाचा. आणि होकार परत आला म्हणजे धान्य मापावयाचे. सर्व काही सुरळीत असेल तर हे काम अर्ध्या मिनिटात उरकते, आणि दुकानदारास खोट्या नावाने धान्य उचलण्यास वाव राहत नाही. हा लाभ लहान नाही. परंतु या अर्ध्या मिनिटात पाच निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी ठीक असाव्या लागतात. यंत्रास वीज हवी. अंगठ्याची रेषा यंत्रास वाचता आली पाहिजे. आणि नांगर, विळा, दगडमाती यांत हयात गेलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. दुकानाच्या जागी मोबाईलच्या मनोऱ्याची लहर पोहोचली पाहिजे. दूरचे केंद्र त्या क्षणी चालू असले पाहिजे. आणि शेवटी, नाव व आधार क्रमांक यांची नोंद बिनचूक जुळलेली असली पाहिजे.

येथे थोडे गणित करावे. समजा, या पाच कड्यांपैकी प्रत्येक कडी शंभरातून नव्वद वेळा उत्तम चालते आणि एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नाही. मग पाचही कड्या एकाच वेळी चालण्याचा योग शंभरातून किती वेळा येईल? नव्वद वेळा, असे उत्तर मनात येते. पण ते चूक आहे. पाच वेळा गुणाकार केला म्हणजे उत्तर येते एकोणसाठ. प्रत्येक कडी पंचाण्णव वेळा चालली तरी संपूर्ण साखळी सत्याहत्तर वेळाच चालेल. शंभरातून पंचाण्णव खेपा यशस्वी व्हाव्या अशी इच्छा असेल, तर प्रत्येक कडी नव्याण्णव वेळा चालली पाहिजे. प्रत्येक खात्याने आपापली कडी तपासून ‘नव्वद टक्के काम उत्तम’ असा अहवाल वर पाठविला, तर त्यातील एकही अहवाल खोटा म्हणता येणार नाही. आणि तरीही दर शंभर खेपांपैकी एकेचाळीस खेपा रिकाम्या हाताने परत जातील. सरकारी आकडे आणि लोकांची गाऱ्हाणी यांत जे अंतर दिसते, त्याचे एक मोठे कारण या गुणाकारात आहे.

रिकाम्या खेपेची किंमतही सर्वत्र सारखी नसते. शहरातील मनुष्य ‘थोड्या वेळाने पुन्हा पाहू’ म्हणून चहा पिण्यास जातो. डोंगर उतरून आलेल्या म्हाताऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तीच वाट पुन्हा तुडवावयाची असते. जे यंत्र एकास अर्ध्या मिनिटाची सोय देते, तेच दुसऱ्यास दिवसभराचा दंड करते. म्हणून धोरणाचे मोजमाप तालुक्याच्या कचेरीत न करता शेवटच्या पाड्यावर केले पाहिजे.

महाराष्ट्रास या विषयातील अनुभव नाही असे मात्र नाही. १९९८ साली वारणानगर येथे सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा उपक्रम सुरू झाला. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण अशी अनेक स्वप्ने त्यापुढे होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्याचा मुख्य उपयोग केला तो उसाचे वजन, बिलाची रक्कम आणि खताची नोंद पाहण्यासाठी. पुढे काही गावांत तपासकांनी असे दाखवून दिले की, हे काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने अधिक स्वस्तात होते. मोठे यंत्र गेले. उपयोगाचे तेवढे राहिले. लोकांस कोणती माहिती खरोखर हवी आहे हे आधी विचारले असते, तर ही वाट कमी खर्चात सापडली असती.

याउलट नाशिक जिल्ह्यातीलच द्राक्षबागांचे उदाहरण आहे. युरोपातील देश द्राक्षांवरील औषधांच्या अंशाबाबत अत्यंत काटेकोर. यासाठी ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ नावाची व्यवस्था उभी केली. तीत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, प्रयोगशाळेचा अहवाल त्याच नोंदीस जोडला जातो, आणि परदेशी पोहोचलेल्या पेटीवरून मूळ बागेपर्यंत माग काढता येतो. हे काम टिकले याचे कारण उघड आहे. त्यापुढे एकच स्पष्ट प्रश्न होता. शेतकरी, प्रयोगशाळा आणि पॅकहाऊस यांपैकी प्रत्येकाचे काम ठरलेले होते. आणि व्यवस्था चालल्यास त्यांपैकी प्रत्येकाचा लाभ होता. एकाच जिल्ह्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाचा माग युरोपच्या दुकानातून लागावा, आणि सुरगाण्यातील पाड्यावरून तालुक्याच्या कचेरीचा माग लागू नये, हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

तिसरे उदाहरण ओळखपत्राचे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. आरंभ सर्वांत दूरच्या गावी व्हावा ही कल्पना मोलाची होती. परंतु ओळख पटणे ही पहिली पायरी आहे. तिच्यामागोमाग रस्ता, दवाखाना, शाळा आणि रोजगार आले नाहीत, तर बारा आकडे हातात राहतात आणि दिवस पूर्वीसारखेच जातात. मेळघाटातील हरिसाल हे राज्यातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात तेथे सोयी खरोखर किती आहेत यावर जाहीर वाद झडला. एखादे गाव नमुना म्हणून सजविणे सोपे. सोय दहा वर्षे चालू ठेवणे अवघड.

आता इंटरनेटचे प्रवाह कोणीकडे वाहत आहेत ते पाहू. पहिला प्रवाह स्वस्ताईचा. २०१६ सालानंतर भारतात मोबाईलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले, आणि ज्यांनी संगणक कधी पाहिला नव्हता अशा कोट्यवधी लोकांचे पहिले यंत्र मोबाईल हेच ठरले. दुसरा प्रवाह पैशाचा. एप्रिल २०१६ मध्ये आरंभ झालेल्या यूपीआय पद्धतीने ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार पार पडले. तिसरा प्रवाह आवाजाचा. लिहिण्या-वाचण्याऐवजी बोलून विचारावे आणि यंत्राने बोलून उत्तर द्यावे, या दिशेने कृत्रिम बुद्धिमत्तेची सर्व झेप चालली आहे. केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांचा उपक्रम याचसाठी सुरू केला.

हे तिन्ही प्रवाह सुरगाण्यास उपकारक ठरू शकतील, परंतु आपोआप नव्हे. दर उतरले तरी मोबाईल घरातील कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न उरतोच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी तरी वापरलेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ५७ टक्के, तर स्त्रियांत अवघे ३३ टक्के आढळले. ज्या योजनेचा लाभ बाईस द्यावयाचा, तिचा परवलीचा आकडा नवऱ्याच्या अथवा मुलाच्या मोबाईलवर येत असेल, आणि तो ऊसतोडीस किंवा द्राक्षबागेच्या कामास दूर गेला असेल, तर ती योजना त्या दिवसापुरती तिच्यासाठी अस्तित्वात नसते. आवाजाचेही तसेच. घरात कोकणा बोली बोलणाऱ्या आजीस पुस्तकी मराठीत प्रश्न विचारणारे यंत्र परकेच वाटणार. आणि ज्या बोलीचा शब्द यंत्रापुढे कधी आलाच नाही, ती बोली त्यास समजणार तरी कशी?

व्यापाराच्या बाजूने पाहिले तर नाशिक-सापुतारा मार्गावरील बोरगावच्या परिसराचे उदाहरण बोलके आहे. गेल्या काही वर्षांत या भागातील शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीची लागवड वाढविली. हंगामात रस्त्याच्या कडेला फळांच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात. हे फळ नाजूक. थंडावा न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत उतरते. अशा मालाला भावाची वेळेवर मिळालेली बातमी सोन्यासारखी असते. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल पोहोचला तेव्हा मासेमाऱ्यांवर त्याचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केला. समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारून होड्या जेथे गिऱ्हाईक असेल तेथे वळू लागल्या. न विकली गेलेली मासळी फेकून देण्याची पाळी थांबली. मासेमाऱ्याची मिळकत वाढली आणि खाणाऱ्यास मासे किंचित स्वस्त मिळू लागले. विक्रेता आणि ग्राहक या दोघांचाही लाभ व्हावा, असे अर्थशास्त्रात क्वचितच घडते.

परंतु या किमयेस एक अट होती: होडी कोणत्या बंदरास न्यावयाची हे ठरविण्याचे स्वातंत्र्य. ज्या शेतकऱ्याने हंगामापूर्वी व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल, किंवा ज्याच्या पाड्यावरून गाडीच निघत नसेल, त्यास सुरतेचा भाव कळून काय उपयोग? बातमी, रस्ता, शीतगृह आणि सवलतीचे कर्ज ही चारही चाके एकत्र फिरली तरच गाडा चालतो. तसेच, केवळ एकाच मोठ्या कंपनीच्या ॲपवर सारी विक्री सोपविली तर जुन्या अडत्याच्या जागी नवा अडत्या येतो, एवढेच. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट यांनी ग्राहकांची यादी, मालाची नोंद आणि भावाचा इतिहास आपल्या हाती ठेवावा, हेच लहान व्यवसायाचे खरे डिजिटल धोरण होय. नागलीचे पापड विकणाऱ्या बायकांच्या गटास दिमाखदार संकेतस्थळापेक्षा वेळेवर येणारा पैसा आणि पुन्हा येणारे गिऱ्हाईक यांची गरज अधिक असते.

सरकारच्या बाजूस आणखी एक खोल प्रश्न आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरी असलेला सात-बारा घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याच्या दारी घालावे लागणारे हेलपाटे त्यामुळे वाचले. परंतु ज्याच्या नावावर मुळात कागदच नाही, त्यास डिजिटल कागद कोठून मिळणार? वनजमीन पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्या कुटुंबांस २००६ च्या वनहक्क कायद्याने अधिकार दिला. पण दावे वर्षानुवर्षे पडून राहिले. याच मागणीसाठी ६ ते १२ मार्च २०१८ या काळात सुरगाणा, पेठ, दिंडोरी आदी भागांतील हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. रक्ताळलेल्या, फोड आलेल्या पावलांची छायाचित्रे मोबाईलवरून घरोघरी पोहोचली, आणि ज्यांनी सुरगाण्याचे नावही ऐकले नव्हते असे मुंबईकर पाणी, चपला व खाऊ घेऊन रस्त्यावर उभे राहिले. इंटरनेटचा हा उपयोग कोणत्याही धोरणपत्रिकेत लिहिलेला नव्हता. संगणक असलेली नोंद जलद दाखवितो. नसलेली नोंद न्यायाने करणे हे माणसांचेच काम राहते.

डिसेंबर २०२२ मध्ये तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी मूलभूत सोयी मिळत नसतील तर आम्हांस गुजरातेत सामील करा, अशी मागणी केली. ती खरोखरीच्या स्थलांतराच्या इच्छेपेक्षा दुर्लक्षाविरुद्धची हाक होती, असेच बहुतेकांनी मानले. पलीकडच्या राज्यातील रस्ता डोळ्यांनी दिसतो. त्याचप्रमाणे पलीकडच्या गावातील मोबाईल चालतो की नाही, हेही दिसते. तुलना करण्यास लोकांस कोणत्याही अहवालाची गरज नसते.

केंद्र सरकारने या दिशेने हात आखडता घेतला आहे असे म्हणता येणार नाही. ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले, आणि २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. मोबाईलची लहर न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी जुलै २०२२ मध्ये स्वतंत्र योजना आखली गेली. परंतु तंतू ग्रामपंचायतीच्या दारी येऊन थांबतो, आणि पाडा तेथून दोन डोंगर पलीकडे असतो. दरड कोसळून तंतू तुटला तर तो जोडणारा मनुष्य कोण, त्याचा पगार कोणत्या खात्यातून, आणि तो किती दिवसांत येणार, हे प्रश्न उद्घाटनाच्या फलकावर लिहिलेले नसतात.

जगातील दोन देशांचे धडे येथे उपयोगी पडतील. सुमारे तेरा लाख वस्तीच्या एस्टोनियाने २००१ पासून सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींशी बोलतील अशी व्यवस्था केली, आणि नागरिकाने एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागू नये असा दंडक घातला. कागद घेऊन हिंडण्याचे काम नागरिकाकडून खात्याकडे गेले. दुसरा धडा केनियाचा. तेथे मार्च २००७ मध्ये निघालेली ‘एम-पेसा’ ही पैसे धाडण्याची पद्धत महागड्या मोबाईलवर अवलंबून नव्हती; साधा मोबाईल आणि कोपऱ्यावरचा ओळखीचा दुकानदार एवढ्यावर ती देशभर पसरली. भारतातही मार्च २०२२ पासून साध्या मोबाईलवरून चालणारी ‘यूपीआय १२३पे’ ही सोय आहे. सुरगाण्यासारख्या तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालविणारा तरुण हाच पुष्कळांचा इंटरनेट असतो. त्यास पुरेसा मोबदला, दरपत्रक आणि देखरेख असेल तर तो सेवक राहील. नसेल तर तो नवा दलाल होईल.

कायद्यानेही आता या प्रश्नाची दखल घेतली आहे. बँकेची ओळखपडताळणी करताना यंत्र मनुष्यास डोळे मिचकावण्यास सांगते. ॲसिडहल्ल्यात ज्याची पापणी गेली, किंवा ज्यास दृष्टीच नाही, त्याने काय करावे? या प्रश्नावर ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. झिजलेल्या अंगठ्याची म्हातारी आणि लहर न पोहोचलेला पाडा यांची अडचण याच जातीची आहे.

तेव्हा कोणतेही डिजिटल धोरण पुढे आले, मग ते मंत्रालयाचे असो वा कंपनीचे, तर त्यास काही साधे प्रश्न विचारावे. हे काम कोणाची पायपीट वाचविते, आणि कोणाची वाढविते? ते साध्या मोबाईलवर आणि लोकांच्या बोलीत चालते काय? साखळीतील एक कडी तुटली तर त्याच दिवशी, त्याच ठिकाणी काम पुरे करण्याची दुसरी रीत आहे काय? बिघाड झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, आणि किती दिवसांत? आणि लोकांकडून घेतलेली माहिती कोणाच्या ताब्यात राहते? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात हा शेवटचा प्रश्न विचारण्याच्या नागरिकाच्या अधिकाराची तरतूद आहे.

हे प्रश्न केवळ दूरच्या डोंगरातील लोकांचे आहेत, असे शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी समजू नये. ही यंत्रे आखणारे अभियंते, ती विकत घेणारे अधिकारी आणि त्यांचे हिशेब तपासणारे बँकवाले बहुधा याच कुटुंबांतून येतात. त्यांनी आपले काम पुरे झाले असे म्हणण्यापूर्वी एकदा भर पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, उंबरठाण किंवा बाऱ्हे येथील एखाद्या रास्त भावाच्या दुकानापुढे तासभर उभे राहावे, आणि शंभरातून किती जण धान्य घेऊन परत गेले ते मोजावे. जो आकडा तेथे मिळेल, तोच त्या धोरणाचा खरा निकाल होय.